उंची कोठून मोजायची?

[ टेबलावरची पिशवी, विहिरीतले पाणी, डोंगरामागचे तळे या सर्वांजवळ उंचीमुळे साठलेली ऊर्जा असते. ती किती, हे सांगण्याआधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. तो प्रश्न कोणता, हे मुन्नाला एका चाचणीमुळे कसे कळले, ते या पाठात वाचा. ]

मुन्ना शाळेतून घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. एरवी तो जिना चढता चढताच अम्मीला हाक मारायचा. आज मात्र तो गुपचूप वर आला. दप्तर कोपऱ्यात ठेवून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. गॅलरीच्या कठड्यावर अम्मीने मोगऱ्याची कुंडी ठेवली होती. मुन्ना कुंडीच्या मातीत बोट खुपसत खालच्या गल्लीकडे बघत राहिला.

दादाजान आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "काय रे मुन्ना, आज स्वारी नाराज दिसते?"

"दादाजान, माझे उत्तर बरोबर होते. तरी सरांनी चारपैकी दोनच गुण दिले," मुन्ना म्हणाला. "आणि माझ्या दोस्ताचे उत्तर अगदी वेगळे होते. त्यालाही दोनच गुण! मधल्या सुट्टीत आमचे भांडण झाले. तो म्हणतो त्याचे बरोबर, मी म्हणतो माझे बरोबर. आता आम्ही बोलत नाही."

आपा आतल्या खोलीत अभ्यास करत होती. ती अकरावीत विज्ञान शाखेत शिकत होती. भांडणाची गोष्ट ऐकून ती बाहेर आली. "दाखव पाहू तुझी वही," ती म्हणाली.

मुन्नाने वही दिली. प्रश्न असा होता : 'शाळेच्या पहिल्या मजल्यावरील वर्गात टेबलावर २ किलोग्रॅम वस्तुमानाची पिशवी ठेवली आहे. मजला जमिनीपासून ४ मीटर उंच आहे. टेबल १ मीटर उंच आहे. पिशवीची स्थितिज ऊर्जा किती? गुरुत्वीय त्वरण १० धरा.'

मुन्नाने लिहिले होते : २ × १० × १ = २० ज्यूल.

"आणि तुझ्या दोस्ताने काय लिहिले?"

"त्याने टेबलाच्या उंचीत मजल्याची उंचीही मिळवली. २ × १० × ५ = १०० ज्यूल. आपा, एकाच पिशवीची ऊर्जा २० पण आणि १०० पण, असे कसे होईल? कोणीतरी एक चूकच असणार ना?"

आपाने वहीकडे नीट पाहिले. उत्तराखाली सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता : 'कोठून?'

आपा हसली. "मुन्ना, तुझे उत्तर चूक नाही. दोस्ताचेही चूक नाही. पण दोघांचीही उत्तरे अपुरी आहेत. सरांनी तुला जे विचारले आहे, ते तू वाचलेच नाहीस."

"कोठून म्हणजे?"

"चल, आधी एक प्रयोग करू. मग तुझे तुलाच कळेल."

आपाने एका परातीत ओली वाळू पसरून हाताने सारखी केली. परात एका स्टुलावर ठेवली. मग तिने मुन्नाच्या हातात लिंबाएवढा दगड दिला. "हात खांद्याच्या रेषेत सरळ धर आणि दगड सोडून दे. फेकू नकोस, फक्त सोड."

मुन्नाने दगड सोडला. वाळूत एक लहानसा खळगा पडला. आपाने त्यात बोट घालून तो किती खोल आहे ते पाहिले. नंतर तिने वाळू पुन्हा सारखी केली आणि परात स्टुलावरून उचलून खाली फरशीवर ठेवली.

"आता पुन्हा हात तितकाच उंच धर आणि दगड सोड."

या वेळी दगड धप्‌कन पडला. खळगा पहिल्यापेक्षा बराच खोल झाला.

"आता सांग," आपा म्हणाली, "दगड बदलला का?"

"नाही."

"हाताची जागा बदलली?"

"नाही."

"मग दुसऱ्या वेळी खळगा खोल का पडला?"

मुन्ना क्षणभर थांबला. "कारण परात खाली होती. दगडाला पडायला जास्त अंतर मिळाले."

"शाबास! उंचावर असलेल्या वस्तूजवळ ऊर्जा साठलेली असते. तिला गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा म्हणतात. उर्दूत आपण जिला तवानाई म्हणतो, तीच ही ऊर्जा. अशा साठलेल्या ऊर्जेला स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन या शास्त्रज्ञाने १८५३ साली नाव दिले. ती काढण्याची रीत तुला ठाऊकच आहे : वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची. वस्तुमान ठरलेले आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ त्वरणही जवळपास ठरलेले आहे. ते ९.८ असते, हिशेब सोपा व्हावा म्हणून सरांनी १० धरायला सांगितले. राहिली उंची. उंची मात्र कोठून तरी मोजावी लागते. ज्या पातळीपासून आपण उंची मोजतो, तिला संदर्भ पातळी म्हणतात. त्या पातळीवर उंची शून्य, म्हणून ऊर्जाही शून्य मानायची."

"म्हणजे मी वर्गाची फरशी शून्य धरली आणि दोस्ताने शाळेचे अंगण शून्य धरले!"

"बरोबर. पण तुम्ही दोघांनीही ते लिहिले नाही. 'वर्गाच्या फरशीच्या संदर्भात २० ज्यूल' असे तू लिहिले असतेस, तर तुला पूर्ण गुण मिळाले असते. 'अंगणाच्या संदर्भात १०० ज्यूल' असे लिहिले असते, तर त्यालाही मिळाले असते."

मुन्ना थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण आपा, ज्याने त्याने आपल्या मनाने शून्य धरले, तर गोंधळ नाही का होणार? मी म्हणेन माझी पिशवी २० ज्यूलची, तो म्हणेल १०० ज्यूलची, तिसरा म्हणेल हजाराची. मग खरे काय?"

आतापर्यंत शांतपणे ऐकणारे दादाजान आता खुर्चीत पुढे सरकले. "हा प्रश्न मोठा आहे, बेटा," ते म्हणाले. "याचे उत्तर मला त्या समोरच्या डोंगराने शिकवले."

गॅलरीतून पूर्वेकडे सह्याद्रीची निळी रांग दिसत होती. मुन्नाचे घर चिपळुणात होते. दादाजान तरुणपणी कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात कामाला होते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते.

"सांग पाहू, कोयनेचे धरण किती उंच आहे?" दादाजानांनी विचारले.

मुन्नाने भूगोलात वाचले होते. "१०३ मीटर."

"पायाच्या सर्वांत खोल भागापासून मोजले तर १०३. पण नदीच्या पात्रात उभे राहून मोजले तर सुमारे ८५. पाहा, धरणाच्या उंचीलाही 'कोठून' हे विचारावे लागतेच. बरे, आता दुसरा प्रश्न. त्या धरणाचे पाणी पोफळीच्या वीजगृहात पडते तेव्हा ते किती खाली पडते?"

"दादाजान, धरणच जर १०३ मीटरचे, तर पाणी त्याहून जास्त कसे पडेल?"

दादाजान मोठ्याने हसले. "मीही पहिल्या दिवशी आमच्या मुकादमाला हेच विचारले होते! अरे, ते पाणी पावणेपाचशे मीटरहून अधिक खाली पडते."

मुन्नाचे डोळे विस्फारले.

"नीट ऐक," दादाजान सांगू लागले. "कोयना नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. ती आधी दक्षिणेला वाहते, मग हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. कृष्णेबरोबर तिचे पाणी थेट बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे नदी आपल्याकडे पाठ फिरवून जाते. धरण बांधले तेव्हा तिचे पाणी अडले आणि मोठे तळे झाले. त्याला शिवाजीसागर म्हणतात. ते तळे घाटावर आहे. पण त्याच्या पश्चिमेला डोंगराची एक भिंत ओलांडली, की खाली एकदम आपले कोकण लागते. कोकणची जमीन घाटावरच्या नदीपात्राहून कितीतरी खाली आहे. हे ओळखून इंजिनिअरांनी डोंगर पोखरला. तळ्याचे पाणी बोगद्याने पश्चिमेकडे आणले. बोगद्यात पाणी जवळजवळ सपाट चालते. मग तीव्र उताराच्या पोलादी नळांतून ते खाली झेपावते आणि डोंगराच्या पोटात बांधलेल्या वीजगृहातील टर्बाइन फिरवते. १९६२ सालापासून तेथे वीज तयार होत आहे."

"आणि तुम्ही काय काम करायचा, दादाजान?"

"मी चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात होतो. तळ्याचे पाणी न काढता तळ्याखालूनच बोगदा जोडायचा होता. आम्ही बोगदा तळ्याच्या अगदी जवळ नेला. मध्ये खडकाचा थोडासा पडदा शिल्लक ठेवला. १३ मार्च १९९९ रोजी सुरुंग लावून तो पडदा उडवला आणि तळ्याचे पाणी बोगद्यात आले. त्या दिवशी आमच्या डोळ्यांत पाणी होते. पुढे २०१२ साली आणखी एकदा तसेच काम झाले. आज कोयनेच्या सर्व वीजगृहांची मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे."

आपाने कागद-पेन्सिल घेतली. "मुन्ना, आता आपण एक लिटर पाण्याचा हिशेब करू. एक लिटर पाणी म्हणजे सुमारे एक किलोग्रॅम. सोपे, गोल आकडे घेऊ. समजा, तळ्यातले पाणी समुद्रसपाटीपासून ६५० मीटर उंच आहे. धरणाच्या पायथ्याशी नदीचे पात्र ५७० मीटरवर आहे आणि पोफळीचे वीजगृह १५० मीटरवर आहे. समुद्रसपाटी म्हणजे उर्दूतली सतह-ए-समंदर. भरती-ओहोटीने समुद्राचे पाणी रोज वर-खाली होते, म्हणून अनेक वर्षांच्या पातळीची सरासरी काढून ती शून्य धरतात."

"रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावर लिहिलेले असते तेच ना? समुद्रसपाटीपासून इतके मीटर!" मुन्ना म्हणाला.

"तेच. सर्व देशासाठी एकच शून्य, म्हणजे कोणाचे भांडण नको. आता हिशेब कर. समुद्रसपाटी शून्य धरली तर तळ्यातल्या एक लिटर पाण्याची ऊर्जा किती?"

मुन्नाने लिहिले : १ × १० × ६५० = ६,५०० ज्यूल. वीजगृहाजवळ पोहोचल्यावर १ × १० × १५० = १,५०० ज्यूल. "म्हणजे पाणी पडताना ६,५०० मधून १,५०० गेले, ५,००० ज्यूल मोकळे झाले."

"आता वीजगृहच शून्य धर."

"तळे वीजगृहापासून ५०० मीटर उंच. म्हणून तळ्यात ५,००० ज्यूल. वीजगृहात शून्य. फरक... ५,००० ज्यूल!"

"आता धरणाचा पायथा शून्य धर."

मुन्ना अडखळला. "तळे पायथ्यापासून ८० मीटर उंच, म्हणून ८०० ज्यूल. पण वीजगृह तर पायथ्याच्याही खाली आहे. १५० वजा ५७०... उणे ४२०! उंची उणे कशी लिहायची?"

"बेधडक लिही," आपा म्हणाली. "शून्य पातळीच्या वर असेल ते अधिक, खाली असेल ते उणे. आपल्या परसातली विहीर आठव. जमीन शून्य धरली आणि विहिरीचे पाणी ६ मीटर खोल असले, तर एक लिटर पाण्याची ऊर्जा उणे ६० ज्यूल झाली. उणे म्हणजे ऊर्जा नाहीशी झाली असे नव्हे. ते पाणी जमिनीपर्यंत आणायला आपल्याला ६० ज्यूल खर्च करावे लागतील, इतकाच त्याचा अर्थ. रहाट ओढताना अम्मीचे हात दुखतात, ते याच उणे खुणेमुळे!"

मुन्नाने लिहिले : वीजगृहात उणे ४,२०० ज्यूल. "आता ८०० मधून उणे ४,२०० वजा करायचे. म्हणजे ८०० अधिक ४,२००." तो थबकला. मग आनंदाने ओरडला, "आपा! पुन्हा ५,०००च!"

"मिळाले तुझे उत्तर," दादाजान म्हणाले. "तू विचारलेस ना, खरे काय? शून्य कोठे मानायचे, ते आपल्या हाती आहे. पण पाणी किती खाली आले, ते आपल्या हाती नाही. त्यामुळे ऊर्जेतला फरक कोणीही मोजला तरी तोच येतो. टर्बाइन काही आपला कागद वाचत नाही, बेटा. ते फक्त फरकावर फिरते. थोडी ऊर्जा घर्षणात वाया जाते, बाकीची विजेच्या तारांतून आपल्या घरी येते."

"आणि तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी सोडले तर?" मुन्नाने विचारले.

"तेथेही एक लहान वीजगृह आहे, ४० मेगावॅटचे. पण तेथे पाणी सुमारे ८० मीटरच पडते. एका लिटरमागे ८०० ज्यूल. पश्चिमेकडे ५,०००, पूर्वेकडे ८००. तळे तेच, पाणी तेच!"

"मग सगळेच पाणी पश्चिमेला का आणत नाहीत? सहापट वीज मिळेल!"

दादाजान गंभीर झाले. "कारण पूर्वेकडे कृष्णेच्या काठी शेते आहेत आणि तहानलेली गावे आहेत. पश्चिमेला आलेले पाणी वीज देऊन वाशिष्ठी नदीत जाते आणि अरबी समुद्राला मिळते. एकदा खाली उतरलेले पाणी आपोआप परत वर चढत नाही. तितकीच ऊर्जा, किंबहुना त्याहून जास्त, खर्च केली तरच ते वर जाईल. म्हणून कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने मर्यादा घातली. वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणीच विजेसाठी पश्चिमेला आणायचे. उंची ही दौलत आहे. ती विचार करून खर्च करावी लागते."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आपा म्हणाली, "मुन्ना, एक इशारा लक्षात ठेव. शून्य कोठेही मान, पण एका गणितात एकच शून्य ठेव. समजा, तुझी पिशवी टेबलावरून वर्गाच्या फरशीवर पडली. कोणी टेबलावरची ऊर्जा अंगणापासून मोजली, १०० ज्यूल. आणि फरशीवरची ऊर्जा फरशीपासून मोजली, शून्य. तर तो म्हणेल, १०० ज्यूल मोकळे झाले. हे साफ चूक. पिशवी फक्त १ मीटर पडली, म्हणून फरक २० ज्यूलच. अंगण धरायचे तर दोन्ही वेळा अंगण धर. १०० वजा ८०, म्हणजे २०."

"म्हणजे अर्ध्या रस्त्यात शून्य बदलायचे नाही," मुन्ना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुन्ना शाळेत लवकर गेला. त्याचा दोस्त बाकावर एकटाच बसला होता. मुन्ना त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि वही उघडून म्हणाला, "तुझे उत्तर चूक नव्हते. माझेही नव्हते. आपण वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजत होतो, एवढेच." त्याने कोयनेचा सगळा हिशेब दोस्ताला समजावला. दोस्ताने स्वतः तिन्ही रीतींनी गणित करून पाहिले. तिन्ही वेळा ५,००० आले तेव्हा तोही हसला.

तासाच्या वेळी दोघांनी मिळून सरांना सुधारलेली उत्तरे दाखवली. सर म्हणाले, "गुण आता वाढणार नाहीत. पण जे तुम्ही शिकलात, ते गुणांपेक्षा मोठे आहे. पुढे कोणी तुम्हांला मोठा आकडा सांगितला, की आधी विचारा : कोठून मोजला?"

संध्याकाळी मुन्ना घरी आला, तो आज जिन्यातूनच हाक मारत. वर येताच तो गॅलरीत गेला. कठड्यावर मोगऱ्याची कुंडी कालच्यासारखीच होती. खालच्या गल्लीतून लहान मुले मदरशातून घरी परतत होती. मुन्ना थबकला. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. मग दोन्ही हातांनी कुंडी उचलली आणि गॅलरीच्या फरशीवर, भिंतीला लागून ठेवली.

"अरे, ती का हलवलीस?" अम्मीने आतून विचारले. "कठड्यावर तिला ऊन चांगले मिळत होते. आणि तेथे तरी ती काय फार उंच होती? माझ्या कमरेएवढी तर होती!"

"अम्मी, तुझ्या पायांपासून मोजले तर कमरेएवढी," मुन्ना म्हणाला. "तेथून ती कुंडी ४० ज्यूलची आहे. पण गल्लीत चालणाऱ्या मुलांच्या पायांपासून मोज. ४ किलोची कुंडी, ५ मीटर उंची. २०० ज्यूल! वाऱ्याने ती आत पडली असती तर फक्त फुटली असती. बाहेर पडली असती तर?"

अम्मीने गॅलरीत येऊन खाली डोकावून पाहिले. मुले हसत-खेळत घराखालून जात होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त कुंडी आणखी थोडी आत सरकवली, जेथे सकाळचे ऊन येत होते तेथे.

शब्दार्थ

चेहरा उतरणे – उदास होणे
कठडा – गॅलरीच्या कडेची आडोशाची लहान भिंत किंवा लाकडी आड
खळगा – लहान खड्डा
परात – पसरट, मोठे ताट
वस्तुमान – वस्तूत असलेल्या द्रव्याचे माप. ते किलोग्रॅममध्ये सांगतात
संदर्भ पातळी – जेथून उंची मोजायची ती ठरवलेली पातळी
ज्यूल – ऊर्जा मोजण्याचे एकक
घाट, घाटमाथा – सह्याद्रीच्या माथ्यावरचा प्रदेश
मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा
पोखरणे – आतून खणत जाणे
झेपावणे – वेगाने उडी घेणे
रहाट – विहिरीतून पाणी ओढण्याचे चाक
लवाद – वाद मिटवण्यासाठी नेमलेले मंडळ
अब्ज – शंभर कोटी
डोळे विस्फारणे – आश्चर्याने डोळे मोठे करणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सरांनी मुन्नाच्या उत्तराखाली कोणता शब्द लिहिला होता?
(आ) संदर्भ पातळी म्हणजे काय?
(इ) कोयना नदी कोठे कृष्णेला मिळते?
(ई) पोफळीहून निघालेले पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) परात फरशीवर ठेवल्यावर वाळूत खोल खळगा पडला.
(आ) मुन्ना व त्याचा दोस्त या दोघांनाही पूर्ण गुण मिळाले नाहीत.
(इ) कोयनेचे सगळे पाणी पश्चिमेला आणत नाहीत.
(ई) मुन्नाने मोगऱ्याची कुंडी हलवली.

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धरण १०३ मीटर उंच असूनही पाणी पावणेपाचशे मीटरहून अधिक खाली कसे पडते?
(आ) 'टर्बाइन आपला कागद वाचत नाही', असे दादाजान का म्हणाले?
(इ) विहिरीतील पाण्याची ऊर्जा उणे का येते? त्या उणे खुणेचा अर्थ काय?

प्रश्न ४. गणित करा.
एक मुलगा ३ किलोग्रॅमचे दप्तर घेऊन दुसऱ्या मजल्यावर उभा आहे. दुसरा मजला अंगणापासून ८ मीटर आणि पहिल्या मजल्यापासून ४ मीटर उंच आहे. दप्तर फरशीपासून १ मीटर उंचीवर आहे. त्याची ऊर्जा (अ) दुसऱ्या मजल्याची फरशी, (आ) पहिल्या मजल्याची फरशी व (इ) अंगण शून्य धरून काढा. नंतर मुलाने दप्तर फरशीवर ठेवले. तिन्ही रीतींनी ऊर्जेतील फरक काढा. काय दिसून येते?

प्रश्न ५. (अ) विरुद्धार्थी शब्द लिहा : वर, उंच, नाराज, पूर्व, अधिक, भरती.
(आ) वाक्यात उपयोग करा : चेहरा उतरणे, डोळे विस्फारणे, पाठ फिरवणे.
(इ) पुढील शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हींकडे वापरले जातात. प्रत्येकाचा उपयोग करून एक मराठी वाक्य लिहा : जमीन, हिशेब, नाराज, दौलत, इशारा.

उपक्रम : जवळच्या रेल्वे स्टेशनच्या फलकावरील समुद्रसपाटीपासूनची उंची वहीत लिहून घ्या. तुमच्या घराच्या आसपास उंचावर ठेवलेल्या पाच वस्तू शोधा. प्रत्येक वस्तूची उंची दोन वेगवेगळ्या पातळ्यांपासून मोजा आणि वर्गात सांगा.